रिकामी होणारी टाकी: घरच्या घरी केलेल्या एका गाडी-दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीची पेट्रोलची टाकी पार्किंगमध्येच उघडल्याचे हे प्रकरण नाशिकमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतले आहे. माणसांची आणि इमारतीची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. इमारत चार मजली असून तळमजल्यावर खांबांमधील पार्किंग आहे. तीन बाजूंना भिंती आहेत आणि चौथी बाजू फाटकाकडे उघडी आहे. पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर पॅनेल बसवलेला असून गच्चीवरच्या टाकीतली पातळी खाली गेली की मोटार आपोआप चालू होते. पॅनेलपासून काही पावलांवर लिफ्ट आहे. या प्रकरणात पॅनेल आणि लिफ्ट या दोन्ही गोष्टींना फार महत्त्व आहे, आणि काम सुरू करताना त्यांपैकी एकीचाही विचार झाला नव्हता.

गाडी २००९ साली नोंदणी झालेली लहान पेट्रोल कार होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. जवळपास वर्षभर जागेवर उभी असलेली ही गाडी आरटीओच्या तपासणीसाठी चालू करायची होती. मालक एका कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले आहेत, हत्यारे त्यांच्या हातात बसलेली आहेत आणि ब्रेक, प्लग, बेल्ट अशी कामे ते वर्षानुवर्षे स्वतः करत आले आहेत. मदतीला त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा होता. दोघेही बेफिकीर नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. असे अपघात बेफिकीर माणसांकडूनच होतात असे मानले, तर या प्रकरणातून शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

अडचण

डिसेंबरमधल्या एका रविवारी दुपारी गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला आणि मागच्या चाकाजवळ फरशीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. मालकांचा अंदाज असा होता, की टाकीतल्या पंपाचे रबरी पॅकिंग वाळले असावे. या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि मागची सीट उचलली की त्याचे झाकण दिसते. त्यांनी सीट काढली, वायरिंगचा सॉकेट सोडवला, झाकणाची रिंग फिरवून पंप वर उचलला आणि टाकीचे तोंड गाडीच्या आतच उघडे झाले. बॅटरी मात्र जोडलेलीच राहिली. दरवाजे उघडे असल्यामुळे छताचा दिवाही चालू होता.

पॅकिंग चांगल्या स्थितीत निघाले. गळती टाकीच्या तळाशी, गंजून पडलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून होत होती. आता टाकी उतरवणे भाग होते आणि त्यासाठी आतले पेट्रोल काढायला हवे होते. भाच्याने बागेला पाणी घालायची नळी टाकीत सोडली, दुसरे टोक तोंडात धरून ओढले आणि धार प्लॅस्टिकच्या बादलीत सोडली. या खटपटीत एक घोट त्याच्या घशात गेला आणि त्याला जोराचा खोकला आला. नळी निसटली तेव्हा बादलीत सुमारे चार लीटर पेट्रोल जमले होते आणि थोडे फरशीवर सांडले होते.

त्या क्षणी नेमका धोका किती होता, हे आकड्यांवरून नीट कळते. पेट्रोलचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते ते) शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नाशिकच्या कडाक्याच्या थंडीतही त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. त्यामुळे ती वर उडून जात नाही, तर पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि खड्ड्यात साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के असते तेव्हाच ती पेटते. एक लीटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे २०० लीटर भरते, आणि तेवढी वाफ जवळजवळ १४ घनमीटर हवेला पेटण्याच्या खालच्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. प्रत्यक्षात ती सगळीकडे सारखी पसरत नाही, जमिनीलगत दाट राहते. म्हणून उभ्या माणसाच्या नाकाला वास कमी आला तरी घोट्याच्या उंचीवर परिस्थिती वेगळी असू शकते.

वरच्या ७.६ टक्के या मर्यादेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बंद टाकीत द्रवाच्या वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते, की तिला जळण्यापुरती हवाच मिळत नाही. टाकी उघडली, पेट्रोल काढायला सुरुवात झाली आणि हवा आत शिरू लागली, की तीच वाफ विरळ होत होत पेटण्याच्या टप्प्यात येते. टाकी रिकामी करताना धोका कमी होत जातो अशी आपली स्वाभाविक समजूत असते, पण प्रत्यक्षात तो आधी वाढतो. या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक निर्णय याच गैरसमजापाशी अडला.

पहिला निर्णय: कोणते बटण दाबायचे

खोकल्याचा आवाज ऐकून वॉचमन आत आला. वास त्यालाही आला. तो म्हणाला, “काका, वरचं पाणी संपत आलंय, मोटर कधीही लागेल,” आणि पॅनेल बंद करायला निघाला. मालकांनी त्याला जागेवरच थांबवले. माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता. कारखान्यातल्या अनुभवामुळे त्यांना ठाऊक होते, की स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटारीचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा भाग) जोडताना आणि तोडताना दोन्ही वेळा ठिणगी पडते. विजेचे बटण बंद करणे ही सुरक्षित कृती आहे असे आपण धरून चालतो. वाफ साचलेल्या जागेत मात्र बटण चालू करणे आणि बंद करणे यांत फरक उरत नाही.

मीटरची खोली इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, दोन पायऱ्या वर होती आणि तिचे दार बाहेरून उघडत होते. मोटार सुरू झालेली नव्हती. वॉचमनने बाहेरून वळसा घालून तिथे मोटारीची लाइन बंद केली. गाडीच्या बाबतीतही हाच विचार झाला. बॅटरीची तार आता काढावी असे आधी मालकांच्या मनात आले होते, परंतु दिवा चालू असताना तार सुटली की टोकाशी ठिणगी पडणारच. दरवाजा लावला असता तर दिव्याची वीज दरवाजाच्या चौकटीतल्या बटणात तुटली असती, तेही वाफेने भरलेल्या गाडीत. त्यांनी दरवाजे होते तसेच उघडे ठेवले आणि गाडीला हात लावला नाही. बॅटरीची तार कामाच्या आधी काढायची असते, कामाच्या मध्ये नाही. आधी काढली नसेल, तर वाफ पूर्ण विरेपर्यंत तिला हात न लावणे हाच कमी धोक्याचा मार्ग राहतो.

दुसरा निर्णय: बादली आणि माणूस

बादलीबाबत तीन पर्याय समोर होते. पेट्रोल परत टाकीत ओतले तर पुन्हा वाफ उठली असती, शिवाय टाकी गळत होतीच. बाहेरच्या गटारात ओतून टाकावे असे शेजारचे एक गृहस्थ जिन्यातून सुचवत होते. हा सल्ला आपल्याकडे अगदी सहज दिला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, गटारात दूरवर वाहत जाते आणि बंद नाल्यात त्याची वाफ साचते. २२ एप्रिल १९९२ रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात सांडपाण्याच्या नाल्यांत शिरलेल्या पेट्रोलमुळे स्फोटांची मालिका झाली, काही किलोमीटरचे रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. तिथे पेट्रोल फार मोठ्या प्रमाणात होते हे खरे, पण चार लीटर पेट्रोल गल्लीतल्या एका चेंबरसाठी पुरेसे आहे.

त्यांनी तिसरा मार्ग घेतला. बादलीवर प्लायवूडचा तुकडा झाकला आणि दोघांनी मिळून ती हळूहळू, न हिंदकळू देता पार्किंगबाहेर कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात, सावलीत नेऊन ठेवली. फरशीवर सांडलेल्या पेट्रोलवर बांधकामातून उरलेली वाळू टाकली. पंखा लावून वास घालवावा ही सूचनाही आली होती. घरगुती पंख्याची मोटार आणि बटण हे ठिणगीचे स्रोत ठरू शकत असल्यामुळे ती बाजूला ठेवली गेली, हे योग्यच झाले. मालकांच्या पत्नी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि दुचाकी काढायला येणाऱ्यांना वर पाठवत राहिल्या.

तोपर्यंत भाच्याचा खोकला थांबलेला नव्हता. मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. मालकांनी १०८ वर फोन केला आणि उलटी करवू नका असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. पेट्रोल पोटात गेल्याने जेवढा अपाय होतो, त्याहून कितीतरी जास्त ते फुफ्फुसात गेल्याने होतो. पातळ आणि पसरणारा द्रव असल्याने उलटी होताना ते श्वासनलिकेत सहज उतरते आणि रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. लक्षणे काही तासांनी वाढू शकतात, म्हणून “आता बरं वाटतंय मामा” या शब्दावर त्याला घरी न ठेवता रुग्णालयात नेले गेले. पेट्रोलने भिजलेला शर्ट आधी पाण्याने ओला करून मगच बाहेर मोकळ्यावर उतरवला, कारण कोरड्या हवेत कपडा ओढून काढताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. त्वचा साबणाने धुतली.

टाकीचे काय करायचे: समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पार्किंगमधला वास गेला होता. ओळखीचा एक मेस्त्री पाहायला आला. वास नाही याची खात्री वाकून, जमिनीलगत करून घेतल्यावर त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग गाडी ढकलत कंपाउंडच्या मोकळ्या जागेत आणली आणि काही वेळ तशीच उभी ठेवली.

उरलेले पेट्रोल काढण्यासाठी त्याने रबरी फुगा असलेला हातपंप वापरला आणि २० लीटरचा झाकणाचा पत्र्याचा डबा आणला. डबा त्याने जमिनीवर ठेवला आणि डबा व टाकीचे धातूचे तोंड चिमट्याच्या तारेने एकमेकांना जोडले. नळीतून वाहताना पेट्रोल स्थिर वीज निर्माण करते. धातूचा डबा तारेने जोडलेला असेल तर ती वाहून जाते, प्लॅस्टिकच्या बादलीत ती साचत राहते. बोटाला चटका जाणवेल अशी स्थिर विजेची बारीकशी ठिणगीसुद्धा पेट्रोलची वाफ पेटवायला पुरते. कायदाही याला धरूनच आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लीटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येते, परंतु ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या जास्तीत जास्त एक लीटरच्या, अथवा धातूच्या जास्तीत जास्त २५ लीटरच्या घट्ट झाकणाच्या भांड्यातच ठेवावे लागते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवण्याची आपली सवय यात कुठेच बसत नाही.

टाकी उतरल्यावर खरा वाद सुरू झाला. चौकातला वेल्डर म्हणाला होता, की टाकी रिकामीच आहे, आणून द्या, तासाभरात टाका मारून देतो. मालकांचा कल तिकडेच होता, कारण तपासणीची तारीख जवळ आली होती आणि खर्च नगण्य होता. एपॉक्सी पुटी लावून छिद्र बुजवणे हा दुसरा पर्याय, भंगार बाजारातून जुनी टाकी आणणे हा तिसरा आणि कंपनीची नवी टाकी मागवून आठ-दहा दिवस थांबणे हा चौथा.

मेस्त्रीने वेल्डिंगला ठाम नकार दिला. ओतून रिकामी केलेल्या टाकीच्या सांध्यांत, आतल्या आडव्या पत्र्यांमागे आणि गंजाच्या खपल्यांखाली पेट्रोल राहतेच, आणि पत्रा तापला की त्याची वाफ होते. नुसती धुऊन टाकी निर्धोक होत नाही. टाकीत काठोकाठ पाणी भरून टाका मारणारे कारागीर आहेत आणि त्यांतले बरेच वर्षानुवर्षे सुखरूप आहेत. मात्र पाण्याच्या वर राहिलेली बोटभर जागासुद्धा वाफेने भरलेली असू शकते. आत किती वाफ उरली आहे हे मोजण्याचे साधन चौकातल्या दुकानात नसते, आणि ते नसेल तर तिथे टाकीला आच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुटीचा पर्याय तात्पुरता चालला असता, पण एका ठिकाणी गंजाने आरपार झालेला पत्रा शेजारीही पातळ झालेला असतो. मेस्त्रीने टॉर्च बाजूला धरून टाकीच्या तळावर अंगठा दाबून दाखवला तेव्हा छिद्राभोवतीचा तळहाताएवढा भाग आत दबत होता. त्यानंतर मालकांनी नवी टाकी मागवली.

परिणाम

भाच्याच्या छातीचा एक्स-रे काही तासांच्या अंतराने काढला गेला आणि तो निर्दोष आला. रात्रभर देखरेखीखाली ठेवून त्याला घरी सोडण्यात आले. आग लागली नाही. नवी टाकी आल्यावर पंपाचे पॅकिंगही बदलले, पार्किंगऐवजी मोकळ्या जागेत जोडणी झाली आणि इंजिन चालू करून सांध्यांखाली कोरडा कागद फिरवून गळती तपासली गेली. तपासणीची तारीख मात्र चुकली आणि ती पुन्हा घ्यावी लागली.

काढलेल्या पेट्रोलचा थोडा नमुना काचेच्या लहान बाटलीत घेतला तेव्हा तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसला. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते आणि पाणी वाढले की इथेनॉल व पाण्याचा थर खाली उतरतो. टाकीच्या तळाला गंज चढण्याचे एक कारण हेही असू शकते. असे पेट्रोल दुसऱ्या गाडीत घालण्यासारखे नव्हते. ज्या गॅरेजमधून जुने ऑइल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाकडे जाते, त्या गॅरेजला ते डब्यासह सोपवले.

जुनी टाकी सर्व तोंडे उघडी ठेवून कित्येक दिवस उन्हात ठेवली आणि नंतर भंगारात दिली. देण्यापूर्वी मेस्त्रीने तिच्यावर लाल ऑइल पेंटने “पेट्रोलची टाकी. गॅस कटर लावू नये” असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि भंगारवाल्याला तोंडानेही बजावले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या अंगणातून गेलेली टाकी ज्या माणसाच्या हातात पडते, त्याच्याकडे कटर असतो आणि त्या टाकीचा इतिहास मात्र त्याला माहीत नसतो.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत पहिला प्रश्न जागेचा आहे. वास आला तेव्हाच, टाकी उघडण्यापूर्वी, बॅटरीची तार काढून गाडी मोकळ्यावर ढकलली असती तर पुढचे बहुतेक निर्णय घ्यायची वेळच आली नसती. गळती आहे एवढे कळल्यावर आधी गाडीखाली पाहायचे, टाकी नंतर उघडायची, हा क्रमही उलटा झाला. ओला डाग चाकाजवळ, म्हणजे टाकीच्या खाली होता. पॅकिंगमधून येणारी गळती सहसा टाकीच्या माथ्यावरून सुरू होते आणि टाकी काठोकाठ भरलेली असतानाच दिसते.

दुसरी उणीव लिफ्टची. मोटारीची लाइन तोडली गेली, पण लिफ्ट चालूच राहिली आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक कुटुंब त्याच तासात तिने खाली आले. लिफ्टचा खड्डा हा त्या पार्किंगमधला सर्वांत खोल भाग होता आणि दाराच्या कुलपांपासून खड्ड्यातल्या बटणांपर्यंत तिथे विजेची तुटणारी-जुळणारी जोडणी जागोजागी असते. मीटरच्या खोलीत गेलेला माणूस तिथेच लिफ्टची लाइनही बंद करू शकला असता, त्यात कोणी अडकलेले नाही एवढे पाहून.

तिसरी गोष्ट अग्निशमन दलाची. चार लीटर पेट्रोल उघड्या बादलीत, माणूस खोकतो आहे आणि वर चार मजले भरलेले आहेत, अशा वेळी १०१ वर फोन करायलाच हवा होता. मालकांनी तो केला नाही, कारण आग लागलेली नव्हती. आपल्याकडे दलाला ज्वाळा दिसल्यावरच बोलावण्याची रीत आहे, पण अशा प्रसंगी ज्वाळा दिसेपर्यंत दलाने करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम हातचे निघून गेलेले असते.

संस्थेने नंतर पार्किंगमध्ये कोणतीही दुरुस्ती करण्यास बंदी घालण्याचा ठराव आणला. त्याच्याशी मी सहमत नाही. बंदी घातली की काम बंद होत नाही, ते रात्री, दार लोटून आणि कोणाला न सांगता होऊ लागते. ठरावात पुढे बदल झाला तो मला जास्त उपयोगी वाटतो. कंपाउंडच्या भिंतीलगतची एक मोकळी जागा कामासाठी आखून दिली गेली, तिथे वाळूच्या बादल्या आणि एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवण्यात आले आणि इंधनाला हात लावणारे कोणतेही काम तिथेच, दिवसाउजेडी आणि वॉचमनला सांगून करायचे असे ठरले. पॅनेल पार्किंगमधून हलवून मीटरच्या खोलीत नेण्याचा खर्चही मंजूर झाला. जिन्याखालच्या जुन्या नळकांड्यावरची फेरभरणीची तारीख त्या निमित्ताने तपासली गेली तेव्हा ती उलटून गेलेली होती, आणि ते बदलायचे काम त्याच आठवड्यात करून घेण्यात आले.